तिळाचे माप : मोजक्या नोंदींवरून दिनमानाच्या वाढीचा दर

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो, असे आपण वर्गात दर जानेवारीत सांगतो. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, एक तीळ म्हणजे किती?’’ प्रश्न साधा आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात. १४ जानेवारीचे दिनमान १५ जानेवारीच्या दिनमानातून वजा केले की उत्तर मिळावे. प्रत्यक्षात उत्तर कधी शून्य येते, कधी एक मिनिट आणि क्वचित दोन मिनिटे. कारण दिनदर्शिकेतली प्रत्येक वेळ जवळच्या पूर्ण मिनिटात दिलेली असते आणि तीळ एका मिनिटाहून लहान आहे. मिनिटांच्या पट्टीने सेकंद मोजायला निघालो की असेच होणार.

त्यातून गाव लहान असेल तर आणखी एक अडचण असते. अकोल्याहून वाशीमला जाताना पातूर मागे टाकले की मेडशी लागते. दिनदर्शिकेत मुंबई, नागपूरसाठी रकाने असतात, मेडशीसाठी नसतो. पण दिनमान ठिकाणाच्या रेखांशावर अवलंबून नसते, ते अक्षांशावर अवलंबून असते. अकोला सुमारे २०.७ अंशांवर आणि वाशीम सुमारे २०.१ अंशांवर आहे. मेडशी या दोहोंच्या मधे आहे, म्हणून आपल्या गणितासाठी अक्षांश २०.३५ धरू. आता प्रश्न असा : वर्षातल्या मोजक्याच दिवसांचे दिनमान माहीत असताना कोणत्याही दिवशीचा वाढीचा दर काढता येईल काय? आणि येत असेल तर त्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा? दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. उत्तर काढण्याच्या रीती पुष्कळ असतात, पण उत्तर किती चुकू शकते हे आधीच सांगणारी रीत हाती असली की गणिताला भरवसा येतो.

प्रथम दिनमानाचे सूत्र पाहू. वातावरणामुळे होणारे किरणांचे वक्रीभवन क्षणभर बाजूला ठेवू आणि सूर्य आकाशातल्या आपल्या वार्षिक मार्गावरून वर्षभर एकाच वेगाने सरकतो असे मानू. २१ मार्चच्या सुमारास, म्हणजे वसंतसंपाताच्या वेळी, सूर्याचे स्थान ० अंश. तेथून तो किती अंश पुढे गेला त्याला क्ष म्हणू. २१ जूनच्या सुमारास क्ष ९० अंश होतो. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, अशी मिळते :

ज्या (क्रांती) = ज्या २३.४४° × ज्या क्ष

आणि सूर्य सहा वाजण्याच्या किती आधी उगवतो ते सांगणारा कोन, ज्याला आपले जुने ज्योतिषी ‘चर’ म्हणत, असा :

ज्या (चर) = स्पर्शज्या (अक्षांश) × स्पर्शज्या (क्रांती)

पृथ्वी १ अंश वळायला ४ मिनिटे घेते. चर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजायचा असतो. म्हणून दिवस १२ तासांहून जितका मोठा, ती मिनिटे म्हणजे ८ × चर (अंशांत). या जादा मिनिटांना दि म्हणू. मेडशीसाठी गणित केले तर क्ष = ०, ३०, ६० आणि ९० अंशांना दि अनुक्रमे ०, ३४.५४, ६२.५८ आणि ७४.०३ मिनिटे येते. पुढच्या तीन महिन्यांत तेच आकडे उलट क्रमाने, आणि हिवाळ्याच्या सहा महिन्यांत तेच ऋण चिन्हाने. बारा नोंदी झाल्या, आणि तेराव्या महिन्यात पुन्हा पहिली नोंद. अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या फलनाला आवर्ती फलन म्हणतात.

या तीन आकड्यांना महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ. स. १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला. पंचांगकर्त्याला ज्या-कोज्यांच्या भानगडीत न पाडता गणित करता यावे, हे त्या ग्रंथाचे वैशिष्ट्य. त्यात चर काढण्याची युक्ती अशी आहे : विषुवदिनी दुपारी १२ अंगुळे उंचीच्या शंकूची सावली मोजा. तिला पलभा म्हणतात. पलभेला १०, ८ आणि ३⅓ ने गुणले की सूर्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या राशीत चर किती पळांनी वाढतो ते मिळते. ही ‘चरखंडे’. मेडशीची पलभा ४.४५ अंगुळे, म्हणजे जवळजवळ ४ अंगुळे २७ व्यंगुळे. चरखंडांची बेरीज करत गेलो, एक पळ म्हणजे २४ सेकंद हे लक्षात घेतले आणि दुप्पट केली, तर दि चे आकडे ३५.६, ६४.१ आणि ७६.० मिनिटे मिळतात. आपल्या आकड्यांहून हे दोन-तीन टक्क्यांनी जास्त आहेत, कारण परंपरेने परमक्रांती २४ अंश धरली जाई. एक काठी आणि तीन गुणक यांच्या बळावर मिळालेल्या उत्तराची ही अचूकता पाहून कौतुकच वाटते. २१ मार्चच्या आसपास शाळेच्या मैदानात हा प्रयोग अवश्य करावा.

पण आपला प्रश्न दराचा आहे. राशीच्या आत चरखंड सारखे वाटून घ्यायचे, म्हणजे दोन नोंदींच्या मधे सरळ रेषा ओढायची, अशी ती रीत होती. दिनमानासाठी ती पुरेशी आहे. दरासाठी मात्र ती जिन्यासारखी वागते. २१ मार्चनंतरचा पूर्ण महिना दिवस रोज ७०.२ सेकंदांनी वाढतो, मग एकाएकी ५६.२ सेकंदांनी, आणि तिसऱ्या महिन्यात २३.४ सेकंदांनी. हिवाळ्यात हाच जिना उलटा चढायचा. त्यामुळे १४ जानेवारीला तीळ २३ सेकंदांचा ठरतो आणि आठवडाभराने, पायरी ओलांडल्यावर, ५६ सेकंदांचा! निसर्गात अशी पायरी नाही. फलनाचा आलेख जवळपास बरोबर असला तरी त्याचा उतार बरोबर असेलच असे नाही, हे येथे चांगले दिसते.

म्हणून सरळ रेषांऐवजी लहरी वापरू. आवर्ती फलनाला जात्याच आवर्ती असलेल्या तुकड्यांनी जोडावे, हे साहजिकच आहे. बारा नोंदींतून जाणारी, ज्या आणि कोज्या यांची बेरीज शोधायची. यालाच त्रिकोणमितीय अंतर्वेशन म्हणतात. मेडशीच्या दिनमानात सममिती असल्यामुळे फक्त तीन पदे उरतात :

दि = ७२.३२ ज्या क्ष − १.६५ ज्या ३क्ष + ०.०५९ ज्या ५क्ष

पहिली लहर वर्षातून एकदा वरखाली होते, दुसरी तीनदा, तिसरी पाचदा. पडताळा सोपा आहे : क्ष = ९० अंश घातल्यास ७२.३२ + १.६५ + ०.०५९ = ७४.०३. सारे काम पहिली लहर करते आणि बाकीच्या किरकोळ दुरुस्त्या करतात.

आता दर. ज्या क्ष चा तात्कालिक दर कोज्या क्ष असतो. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) ग्रहांच्या तात्कालिक गतीसाठी याच नात्याचा उपयोग केला आहे. ज्या ३क्ष तीनपट भरभर हलते, म्हणून तिचा दर ३ कोज्या ३क्ष. याप्रमाणे

दर = ७२.३२ कोज्या क्ष − ४.९६ कोज्या ३क्ष + ०.२९४ कोज्या ५क्ष

हा दर ‘मिनिटे दर रेडियनला’ आहे. वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे, म्हणून १.०३२ ने गुणले की तो ‘सेकंद दर दिवसाला’ होतो. २१ मार्चला, म्हणजे क्ष = ० असताना, दर येतो ६७.६५ × १.०३२ = ६९.८३ सेकंद. दिनमानाचे मूळ सूत्र आपल्याजवळ आहेच, त्यावरून थेट काढलेला दर ६९.८० सेकंद. फरक एका सेकंदाच्या शंभराव्या तीन भागांचा! आधीच्या आणि नंतरच्या महिन्याच्या नोंदींची वजाबाकी करून साधा दर काढला असता तर ६८.०८ सेकंद आला असता, म्हणजे चूक पावणेदोन सेकंदांची. नोंदी त्याच, पण चूक साठपटीने कमी.

ही किमया कशामुळे? आणि ०.०३ सेकंदांची चूक तरी कोठून आली? मूळ सूत्र हाती नसते तर ती किती असेल हे आपल्याला सांगता आले असते काय?

बहुरूपी लहरी

खऱ्या दिनमानात ज्या ७क्ष, ज्या ९क्ष अशा आणखी लहरी असतात. आपल्या बारा नोंदींना त्या दिसत नाहीत का? दिसतात, पण सोंग घेऊन. ज्या ७क्ष या लहरीची ३० अंशांवरची किंमत ज्या २१०°, म्हणजे −½. ज्या ५क्ष ची त्याच ठिकाणी ज्या १५०°, म्हणजे +½. ६०, ९०, १२० अंशांवर करून पाहा. बाराही ठिकाणी ज्या ७क्ष ही नेमकी −ज्या ५क्ष इतकीच भरते. नोंदींपुरते पाहिले तर सातवी लहर आणि उलटी केलेली पाचवी लहर यांत काहीही फरक नाही. दारी आलेल्या बहुरूप्याला आपण फौजदार समजून बसतो, तसे अंतर्वेशन सातव्या लहरीला पाचवी समजून तिची उंची पाचवीच्या खात्यात जमा करते. (सिनेमात भरधाव गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्याचेही कारण हेच. विद्यार्थ्यांना हे उदाहरण चटकन पटते.)

न ठिकाणी नोंदी असतील तर न/२ हून कमी क्रमांकाच्या लहरी खऱ्या रूपात ओळखता येतात. त्यावरच्या प्रत्येक लहरीला खालच्या एखाद्या लहरीचे सोंग घ्यावे लागते किंवा, बरोबर न/२ क्रमांकावर असेल तर, ती अर्धवट दिसते वा मुळीच दिसत नाही. एवढे समजले की त्रुटीची मर्यादा जवळजवळ आपोआप हाती येते. समजा, ल क्रमांकाची एक लपलेली लहर आहे आणि तिची उंची उ आहे. दरात तिचा खरा वाटा जास्तीत जास्त ल × उ. तो आपल्या उत्तरातून गळाला. त्याऐवजी तिच्या सोंगाचा वाटा आला. सोंगाचा क्रमांक ल पेक्षा मोठा असत नाही आणि उंची उ पेक्षा मोठी असत नाही, म्हणून तोही जास्तीत जास्त ल × उ. म्हणजे एका लहरीमुळे होणारी चूक २ × ल × उ पेक्षा मोठी असूच शकत नाही. सर्व लपलेल्या लहरींसाठी बेरीज करा :

दरातील त्रुटी ≤ २ × (लपलेल्या प्रत्येक लहरीचा क्रमांक × तिची उंची, यांची बेरीज)

आमच्या मते या विषयातली ही सर्वांत सुंदर पायरी आहे. लहरी दोनच ठिकाणी चूक करू शकतात, गैरहजर राहून आणि दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावून, आणि दोन्ही चुका मोजता येतात.

मेडशीच्या उदाहरणात सातव्या लहरीची उंची सुमारे ०.००२२ मिनिटे आहे. तिचा क्रमांक ७, सोंगाचा ५. दोन्ही चुका २१ मार्चला एकाच बाजूला पडतात, म्हणून (७ + ५) × ०.००२२ = ०.०२६ मिनिटे दर रेडियनला, म्हणजे दिवसाला ०.०३ सेकंद. वर मिळालेला फरक हाच.

पण लपलेल्या लहरींची उंची आपल्याला आधी कशी कळणार? येथे फलनाचा गुळगुळीतपणा कामी येतो. फलनाचे म वेळा अवकलन केले (म किमान २) आणि त्या म-व्या अवकलजाचा एका आवर्तनातला एकूण चढउतार व असला, तर ल क्रमांकाच्या लहरीची उंची व ÷ (पाय × ल^(म+१)) हून जास्त नसते. खंडशः समाकलन म + १ वेळा केले की हे सिद्ध होते. बारावीच्या विद्यार्थ्याने म = २ साठी करून पाहावे. ही उंची वरच्या बेरजेत घातली आणि न = २प + १ नोंदी घेतल्या, तर

त्रुटी ≤ २व ÷ [पाय × (म − १) × प^(म−१)]

म = ५ असेल तर नोंदी दुप्पट केल्यावर ही मर्यादा सोळाव्या हिश्शावर येते. महिन्यांच्या साध्या वजाबाकीत ती दुप्पट नोंदींनी फक्त चौथ्या हिश्शावर येते, फलन कितीही गुळगुळीत असो. मेडशीचे दिनमान तर कितीही वेळा अवकलन करा, गुळगुळीतच राहते. अशा फलनाच्या लहरी भूमितीय श्रेढीसारख्या झपाट्याने लहान होतात. येथे तिसरी लहर पहिलीच्या चव्वेचाळिसाव्या भागाइतकी, पाचवी तिसरीच्या सुमारे अठ्ठाविसाव्या, आणि पुढेही प्रत्येक लहर आधीच्या लहरीच्या विसाव्या भागाच्या आतच राहते.

हे सुदैव सर्व गावांचे नाही. सुमारे ६० अंश अक्षांशावरच्या ऑस्लोला जा. तेथे पुढे गेल्यावर प्रत्येक लहर आधीच्या लहरीच्या साधारण चौथ्या भागाइतकी उरते, म्हणून मेडशीइतक्या अचूकतेसाठी नोंदी कितीतरी जास्त घ्याव्या लागतात. आणि ६६.५६ अंशांवर, म्हणजे ध्रुववृत्तावर, आपल्या सूत्रानुसार २१ जूनला दिनमानाच्या आलेखाला चक्क कोपरा पडतो. दिवस वाढत वाढत २४ तासांना टेकतो आणि लगेच त्याच वेगाने घटू लागतो. कोपरा असलेल्या फलनाच्या लहरींची उंची १/ल² या गतीनेच कमी होते. तिला ल ने गुणून बेरीज करायला गेलो तर १/ल ची बेरीज, आणि ती अनंताकडे जाते! आपली मर्यादा तेथे काहीच सांगत नाही आणि ते योग्यच आहे. कोपऱ्यावर उतारच ठरत नाही, तर त्याची चूक किती हे विचारण्यात अर्थ नाही.

जास्त नोंदी, जास्त गोंधळ

आतापर्यंत आपण नोंदी अगदी अचूक मानल्या. त्या तशा असत्या तर ‘नोंदी वाढवा’ एवढे सांगून लेख संपला असता. दिनदर्शिकेत सूर्योदय अर्ध्या मिनिटापर्यंत चुकलेला असू शकतो, सूर्यास्तही तितकाच. दिनमानाची चूक जास्तीत जास्त एक मिनिट, आणि सरासरी वर्गाच्या मुळाने मोजली तर सुमारे ०.४१ मिनिट. अंतर्वेशनाला ही चूक आणि खरे दिनमान यांतला भेद कळत नाही. ते चुकांमधूनही लहरी काढते, आणि दर काढताना ल क्रमांकाच्या लहरीला ल ने गुणते. शेवटच्या, सर्वांत कापऱ्या लहरीला सर्वांत मोठा गुणक मिळतो. न/२ क्रमांकापर्यंतच्या लहरींच्या बेरजेचा उतार तिच्या कमाल उंचीच्या न/२ पटीपर्यंत जाऊ शकतो, हा बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. आपल्याला त्याची कडू बाजू येथे चाखावी लागते.

आकड्यांत पाहू. ज्या दिवशीचा दर हवा तो दिवस मध्ये ठेवला आणि वर्षाचे बारा सारखे भाग केले, तर लहरी शोधायचे सारे काम एका ओळीत उरकते :

दर = ½ [३.७३२ (प्र१) − १.७३२ (प्र२) + १.००० (प्र३) − ०.५७७ (प्र४) + ०.२६८ (प्र५)]

येथे प्र१ म्हणजे मधल्या दिवसानंतरच्या पहिल्या नोंदीतून त्याआधीची पहिली नोंद वजा केल्यावर येणारा फरक, प्र२ म्हणजे दुसऱ्या जोडीचा फरक, वगैरे. गुणक म्हणजे १५, ३०, ४५, ६०, ७५ अंशांच्या कोस्पर्शज्या, आळीपाळीने धन आणि ऋण. समोरच्या, म्हणजे सहा महिन्यांनंतरच्या नोंदीचा गुणक शून्य. प्रत्येक नोंद एक मिनिटाने चुकली आणि सगळ्या चुका कट केल्यासारख्या एकाच दिशेने जमल्या, तर दर दिवसाला साडेसात सेकंदांनी चुकेल. असा कट होणे फार दुर्मीळ, नेहमीची चूक १.३ सेकंदाच्या घरात राहते. साधारणपणे न नोंदींसाठी ही नेहमीची चूक न बरोबर वाढत जाते : ८ नोंदींना ०.८ सेकंद, १२ ला १.३, २४ ला २.७. हौसेने रोजच्या ३६५ नोंदी वापरल्या, आणि त्यांच्या चुका परस्परांशी असंबद्ध मानल्या, तर सुमारे ४४ सेकंद. ज्या दराची कमाल किंमतच ७० सेकंद आहे त्यात ४४ सेकंदांची चूक! वर्षभराची दिनदर्शिका पालथी घालून मिळालेले उत्तर आठ नोंदींच्या उत्तरापुढे टिकत नाही.

म्हणजे दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात. लपलेल्या लहरींची चूक नोंदी वाढवल्या की घटते, नोंदींच्या कच्चेपणाची चूक वाढते. पहिलीचे आकडे २१ मार्चसाठी असे : ६ नोंदी घेतल्यास दर ७४.६ सेकंद येतो, म्हणजे चूक ४.८ सेकंद. (सहा ठिकाणी ज्या ३क्ष नेमकी शून्य असते, म्हणून तिसरी लहर साफ अदृश्य होते.) ८ नोंदींना ६९.४ सेकंद, चूक ०.४. बारा नोंदींना ०.०३. आता दोन्ही चुका शेजारी ठेवा. वेळा मिनिटापर्यंतच असतील तर आठ नोंदी बारांपेक्षा बऱ्या, कारण बारांनी लहरींची चूक अर्ध्या सेकंदाने कमी केली तरी कच्चेपणाची चूक तितकीच वाढवली. वेळा सेकंदापर्यंत मिळाल्या तर मात्र कच्चेपणाची चूक साठाव्या भागावर येते, ०.०२ सेकंद, आणि मग बारा नोंदीच घ्याव्यात. बाराहून पुढे जाण्यात मग फारसे काही हशील नाही. नोंदी किती घ्यायच्या हे फलनाइतकेच मोजपट्टीवर अवलंबून असते. प्रयोगशाळेत दोलकाची वा स्प्रिंगची स्थाने मोजून वेगाचा आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा फार उपयोगी पडेल. तेथे ‘अजून वाचने घ्या’ हा सल्ला आपण सर्रास देतो.

आता तिळाकडे. मधला दिवस १४ जानेवारी. वर्षाचे आठ भाग केले की एकेक भाग सुमारे ४५.७ दिवसांचा, म्हणून जोड्या अशा : १ मार्च व २९ नोव्हेंबर, १५ एप्रिल व १५ ऑक्टोबर, ३१ मे व ३० ऑगस्ट. येथे सूर्याचा वेग एकसारखा मानण्याची गरज नाही, त्या त्या दिवशीची सूर्याची खरी क्रांती घेऊ. मेडशीसाठी दि चे पूर्णांकी आकडे, लीप नसलेल्या वर्षी, अनुक्रमे −२३ व −६७, २९ व −२५, ६८ व २७ मिनिटे. फरक ४४, ५४ आणि ४१. आठ नोंदींचे सूत्र :

दर = ½ [२.४१४ × ४४ − १ × ५४ + ०.४१४ × ४१] = ३४.६

त्याला १.०३२ ने गुणले की दिवसाला ३५.७ सेकंद. एकसारख्या वेगाच्या सूत्रावरून १४ जानेवारीचा दर ३५ सेकंद येतो. पण पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि सूर्य सरासरीपेक्षा सुमारे ३ टक्के भरभर सरकताना दिसतो, म्हणून खरा दर ३६ सेकंदांच्या आसपास आहे. दिनदर्शिकेवरून हेच करताना वक्रीभवनाची काळजी नको. त्यामुळे मेडशीसारख्या ठिकाणी प्रत्येक दिवस जवळपास सारखाच, सुमारे सात मिनिटांनी लांबतो, आणि फरक घेताना ती सात मिनिटे उडून जातात. तारखा पूर्ण दिवसांच्याच घ्याव्या लागतात, म्हणून एखादी नोंद अर्ध्या दिवसापर्यंत मागेपुढे होते. ज्या ऋतूत दिवस ७० सेकंदांनी वाढतो तेथे याची चूक अर्ध्या मिनिटाहून थोडी जास्त असू शकते, म्हणजे मिनिटांच्या पूर्णांकीकरणाच्याच तोलाची. तिचा हिशेब वर केलेल्या रीतीनेच मांडता येतो. विद्यार्थ्यांकडून तो करून घ्यावा आणि मग अकोल्याच्या किंवा नागपूरच्या छापील वेळांवर हेच सूत्र चालवून पाहावे. नागपूर मेडशीहून सुमारे पाऊण अंश उत्तरेला आहे, तेव्हा तिथला तीळ किंचित मोठा निघाला पाहिजे.